मचाणावरचा माणूस : जिम कॉर्बेट



आपल्यापैकी ज्यांनी २०२२ च्या आधी कॅनडाचे नागरिकत्व घेतले, त्या सर्वांनी राणी एलिझाबेथ दुसरी हिच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली आहे. वीस डॉलरच्या नोटेवर तिचा चेहरा तर आपण हजार वेळा पाहिला असेल. पण ही राजकन्या राणी झाली त्या रात्री ती नेमकी कुठे होती, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. ती होती केनियाच्या जंगलात, एका अवाढव्य झाडावर बांधलेल्या मचाणावर! आणि त्या मचाणाच्या शिडीपाशी रात्रभर बंदूक घेऊन राखण करत बसले होते शहात्तर वर्षांचे एक गृहस्थ. जन्म नैनितालचा, आयुष्य गेले कुमाऊँच्या डोंगरात, आणि म्हातारपणी देश सोडून परक्या मुलखात येऊन राहिलेले. त्यांचे नाव जिम कॉर्बेट.

आता तुम्ही म्हणाल, मिसिसागात बसून कॉर्बेटची आठवण कशी काय आली? सांगतो. दरवर्षी नोव्हेंबर आला की इथे हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. शहर मागे टाकून तासभर उत्तरेला किंवा पश्चिमेला गाडी काढली, की शेतांच्या कडेला, झाडीच्या तोंडाशी उंच लोखंडी सांगाडे उभे दिसतात. वर कापडाचा किंवा प्लायवूडचा आडोसा, खाली शिडी. हे इथल्या शिकाऱ्यांचे मचाण. आम्ही पडलो इंजिनिअर, त्यामुळे असा सांगाडा दिसला की आधी त्याचे पाय, जोड आणि बोल्ट बघतो! ऑफिसातल्या शिकारी मित्रांकडून थोडी माहितीही काढली, आणि वाटले की या निमित्ताने मचाणाच्या सर्वात मोठ्या माणसाची ओळख आपल्या वाचकांना, विशेषतः इथे वाढणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना करून द्यावी.

आधी थोडे तंत्र. असे मचाण साधारण पंधरा ते वीस फूट उंच असते. उंची कशासाठी? एक तर हरीण सहसा वर बघत नाही. दुसरे, माणसाचा वास बराचसा त्याच्या डोक्यावरून निघून जातो. तिसरे आणि सर्वात महत्त्वाचे, वरून खाली झाडलेली गोळी चुकली तरी जमिनीत जाते, शेजारच्या शेतात जात नाही. सांगाड्याचे पाय खाली पसरलेले हवेत आणि मध्ये तिरक्या पट्ट्या हव्यात, नाहीतर वाऱ्याने सगळे डोलते. लोखंडावर लोखंड घासले की थंडीत करकर आवाज होतो आणि सावज पळते, म्हणून सांध्यात रबराच्या चकत्या घालतात. वर बसणाऱ्याने सगळ्या अंगाला बसणारा पट्टा बांधायचा, नुसता कमरेचा नव्हे. आणि बंदूक कधीही हातात धरून शिडी चढायची नाही. आधी आपण चढायचे, मग रिकामी बंदूक दोरीने वर ओढून घ्यायची.

हे सगळे एका शनिवार-रविवारी उभे करता येते. आपल्या गावाकडे तर ज्वारीच्या शेतात चार लाकडे रोवून माळा घालायला एक दुपार पुरते. त्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरवत पाखरे हाकलणारी पोरे आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील, काही जण कदाचित स्वतःच ती पोरे असतील! तात्पर्य काय, तर उंच बसायची जागा बांधणे फारसे अवघड नाही. तिथे बसून काय करायचे, हे अवघड. कॉर्बेट यांचे आयुष्य म्हणजे याच प्रश्नाचे उत्तर आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर हे तिथले पोस्टमास्तर. कुटुंब मोठे, मिळकत बेताची. जिम सहा वर्षांचे होते न होते तोच वडील वारले, आणि आई मेरी जेन यांनी हा सगळा संसार सांभाळला. उन्हाळ्यात नैनिताल आणि हिवाळ्यात पायथ्याचे कालाढुंगी, असे त्यांचे राहणे. कालाढुंगीच्या जंगलात हा मुलगा आधी गलोल आणि मग जुनी ठासणीची बंदूक घेऊन फिरू लागला. कुंवरसिंग नावाच्या एका गाववाल्याने, जो चोरट्या शिकारीत तरबेज होता, त्याला जंगल वाचायला शिकवले. कोणता पक्षी कशासाठी ओरडला, माकडे कुठे बघून खेकसतात, पाऊल कधी उमटले, हे सगळे त्या वयातच त्यांच्या अंगात मुरले. कुमाऊँनी भाषाही तशीच आली. पुढे डोंगरातले लोक त्यांना प्रेमाने कार्पेट साहेब म्हणू लागले!

कॉर्बेट हे पेशाने शिकारी नव्हते, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. विशीच्या आत ते रेल्वेत नोकरीला लागले आणि १८९५ च्या सुमारास त्यांना बिहारमध्ये मोकामा घाटावर कंत्राट मिळाले. गंगेच्या एका काठापर्यंत रुंद रूळ आणि पलीकडे अरुंद रूळ. त्यामुळे सगळा माल उतरवायचा, नदी पार करायचा आणि पुन्हा चढवायचा. यंत्रे नाहीत, सगळे काम डोक्यावर आणि पाठीवर. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी हे काम सांभाळले. पहिल्या महायुद्धात कुमाऊँचे पाचशे जण घेऊन ते फ्रान्सला गेले आणि एक सोडून सगळ्यांना परत घरी आणले. नरभक्षकांच्या मागे ते जात, ते या कामातून सुट्टी काढून. त्याचे पैसे घेत नसत. उलट त्यांची अट असे की त्या जनावरावर लावलेले इनाम आधी रद्द करा आणि बाकीच्या शिकाऱ्यांना मागे घ्या. इनामासाठी बंदूक उचलणारा, असे कोणी आपल्याला म्हणू नये, आणि दुसऱ्याच्या गोळीने आपण मरू नये, दोन्ही गोष्टी त्यात होत्या.

१९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. नोंदीप्रमाणे तिने नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारली होती. मेल्यावर कॉर्बेट यांनी तिचा जबडा उघडून पाहिला, तर उजवीकडचे वरचे आणि खालचे असे दोन्ही सुळे तुटलेले. कधीतरी कोणाची तरी गोळी तिच्या तोंडावर लागली होती. तिला नेहमीचे सावज धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली. ज्याने ती गोळी झाडली, त्याला आपल्या एका अर्धवट नेमाची किंमत किती झाली हे बहुधा कधीच कळले नसेल. कॉर्बेट मात्र ही गोष्ट विसरले नाहीत.

पुढची गोष्ट १९१० ची, अल्मोडा जिल्ह्यातल्या पनारच्या बिबट्याची. त्याच्या नावावर चारशे बळी होते. वाघापुढे उंच झाड म्हणजे बऱ्यापैकी आधार, पण बिबट्या स्वतःच झाडावर चढतो. मग मचाण कशाला? कॉर्बेट ज्या झाडावर बसले त्याचे खोड तिरके होते. त्यांनी गावकऱ्यांकडून काटेरी झुडपांच्या फांद्यांच्या मोळ्या आणवून आपल्या खालच्या खोडाला दोरांनी घट्ट बांधून घेतल्या. शेतात एक पांढरी बकरी बांधली. रात्री बिबट्या आला, तो बकरीकडे नाही, तर थेट झाडाकडे! अंधारात तो खालून त्या काटेरी फांद्या दातांनी ओढू लागला. वर बसलेल्या माणसाला तो दिसत नव्हता, फक्त हिसके जाणवत होते आणि गुरगुर ऐकू येत होती. त्या रात्री कॉर्बेट आणि मृत्यू यांच्यामध्ये होती फक्त दोरांची एक गाठ. अखेर कंटाळून तो बकरीवर गेला. काळोखात पांढरी बकरी एवढाच काय तो अंदाज धरून त्यांनी गोळी झाडली. बिबट्या जखमी झाला.

इथे दुसरा कोणी सकाळपर्यंत वर बसून राहिला असता, आणि त्याला दोषही देता आला नसता. पण जखमी नरभक्षक मोकळा सोडायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी गावकऱ्यांना बोलावले, चिडाच्या लाकडाच्या मशाली पेटवल्या आणि रात्रीच त्याच्या मागे गेले. बिबट्या अंगावर आला, बाकीचे लोक पळाले, आणि पळताना कोणाची तरी मशाल खाली पडली. तिच्या उजेडात कॉर्बेट यांनी शेवटची गोळी घातली.

मंडळी, यानंतर येते रुद्रप्रयाग. केदारनाथ आणि बद्रीनाथच्या यात्रेच्या रस्त्यावर १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षे एका बिबट्याने दहशत बसवली. सरकारी आकडा १२५ बळींचा. साधारण पाचशे चौरस मैलांच्या त्या मुलखात अंधार पडल्यावर कोणी दार उघडत नसे. १९२१ साली दोन तरुण इंग्रज अधिकारी रुद्रप्रयागच्या झुलत्या पुलाच्या मनोऱ्यांवर रात्री बसू लागले, एक या काठाला आणि एक त्या काठाला. जवळजवळ दोन महिन्यांनी बिबट्या खरोखरच पुलावर आला. एकाने गोळी झाडली, दुसऱ्याने पिस्तूल रिकामे केले, आणि बिबट्या निसटला. गोळी लागली होती फक्त पंजाला. त्यानंतर पाच वर्षे माणसे मरत राहिली.

१९२५ साली कॉर्बेट तिथे आले. त्यांनी केलेला विचार आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच पटेल. एवढ्या मोठ्या मुलखात जनावर शोधत फिरण्यात अर्थ नाही. मध्ये नदी आहे, आणि ती पार करायला पूल मोजकेच. तेव्हा एक पूल रात्री काट्यांनी बंद करायचा आणि उरलेल्यावर बसायचे. त्याप्रमाणे ते रुद्रप्रयागच्या पुलाच्या मनोऱ्यावर, सुमारे वीस फुटांवर, बांबूच्या शिडीने चढून रात्री काढू लागले. वर आडोसा नाही, पाठ टेकायला जागा नाही, खाली दरीतून येणारा बर्फाळ वारा. अशा एक नाही, दोन नाही, वीस रात्री! त्या वीस रात्रींत पुलावरून काय गेले? एक कोल्हा. बस्स.

वीस रात्री जागून एक कोल्हा बघितलेला माणूस काय करेल? हात टेकून घरी जाईल, किंवा चिडून दिसेल त्या बिबट्यावर गोळी झाडेल. गढवालमध्ये बिबटे काही एकच नव्हता. पण नरभक्षक मेला, असे समजून लोक रात्री दारे उघडी टाकतील आणि खरा नरभक्षक जिवंत असेल, तर त्याचे पाप कोणाच्या माथी? खात्री हाच खरा प्रश्न होता. कॉर्बेट थकून एकदा घरी गेलेही, पण १९२६ च्या वसंतात परत आले. डेप्युटी कमिशनर इबॉटसन आणि त्यांच्या पत्नी यांची त्यांना साथ होती. शेवटी त्यांनी हिशेब मांडला की गुलाबरायच्या रस्त्याने बिबट्या साधारण पाच दिवसांतून एकदा जातो. यात्रेकरूंच्या निवाऱ्याजवळ रस्त्याच्या कडेला एक आंब्याचे झाड होते. त्यावर मचाण बांधले, खाली गळ्यात घंटा घातलेली बकरी बांधली, आणि दहा रात्री बसायचे ठरवले.

दहा रात्री काहीही झाले नाही. ठरल्याप्रमाणे काम संपले होते. नैनितालला परतायचे होते, मोकाम्याची कामे खोळंबली होती. तरी ते अकराव्या रात्री पुन्हा चढले. रात्री दहाच्या सुमारास घंटा जोरात वाजली. बंदुकीला लावलेल्या विजेरीचा उजेड नेमका बिबट्याच्या खांद्यावर पडला, गोळी सुटली आणि विजेरी विझली. मग पहाटेपर्यंत काळोखात बसून राहणे. सकाळी खाली उतरून पाहिले, तर म्हातारा, दात झिजलेला बिबट्या मरून पडला होता. मागच्या पंजावर १९२१ च्या गोळीची जुनी खूण होती. खात्री पटली. २ मे १९२६ हा तो दिवस. त्या जागी आज स्मारक आहे.

कॉर्बेट यांना देव करण्याचा आमचा हेतू नाही. ते इंग्रजी राजवटीचाच भाग होते. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी त्यांनी शिकारीचे बेतही आखून दिले. तरुणपणी हौसेखातर शिकारही पुष्कळ केली. पण पुढे त्यांचे मन बदलत गेले. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने काढलेली वाघांची छायाचित्रे पाहून त्यांनी बंदुकीच्या जागी कॅमेरा उचलला आणि झाडावर, ओढ्याकाठी तासन् तास बसून वाघांचे चलत्चित्रण केले. बसण्याची जागा तीच, धीर तोच, फक्त हातातली वस्तू वेगळी! १९३६ साली रामगंगेच्या खोऱ्यात भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, त्यात त्यांचा वाटा होता. १९५७ मध्ये त्याला त्यांचे नाव मिळाले, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात तिथूनच झाली. आपला मेळघाटही त्याच पहिल्या तुकडीतला.

त्यांच्या लेखनाचा आपल्या मुंबईशीही संबंध आहे. कुमाऊँच्या नरभक्षकांवरचे त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने काढले. त्याचे उत्पन्न त्यांनी युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांच्या संस्थेला दिले.

आणि मग आले १९४७. कॉर्बेट तेव्हा बहात्तर वर्षांचे. लग्न केलेले नाही, सोबत थोरली बहीण मॅगी. देश स्वतंत्र झाला, ओळखीचे इंग्रज निघून गेले, आणि आपण गेल्यावर मागे राहणाऱ्याचे काय, ही काळजी दोघांनाही लागली. त्यांनी नैनितालचे घर विकले. कालाढुंगीजवळचे छोटी हल्द्वानी हे गाव त्यांनी पूर्वी विकत घेऊन वसवले होते. तिथल्या जमिनी कसणाऱ्या कुटुंबांच्या हवाली केल्या. वर्षाच्या अखेरीस बोटीने ही भावंडे केनियाला गेली आणि न्येरी गावी पॅक्स्टू नावाच्या छोट्या घरात राहिली. हे घर मुळात बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्यासाठी बांधलेले. तिथून कॉर्बेट पुन्हा भारतात राहायला आले नाहीत. पण लिहिले मात्र भारतावरच! मोकाम्याचे हमाल, कालाढुंगीचे शेतकरी, गंगेकाठचे गरीब लोक यांच्यावरचे त्यांचे पुस्तक १९५२ साली निघाले, म्हणजे देश सोडल्यावर पाच वर्षांनी. ज्यांचे सामान दोन बॅगांत मावते पण गाव मावत नाही, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी फेब्रुवारीत राजकन्या एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप न्येरीला आले. जवळच्या जंगलात एका प्रचंड वडवर्गीय झाडावर ट्रीटॉप्स नावाचे निवासस्थान होते. तीसेक फुटांची शिडी चढून जायचे आणि रात्रभर खाली पाणवठ्यावर येणारे हत्ती-गेंडे बघायचे. ५ फेब्रुवारीची दुपार आणि रात्र राजकन्येने तिथे काढली. जनावरे बघताना कॉर्बेट तिच्या सोबत होते, आणि सगळे झोपल्यावर ते शिडीच्या तोंडाशी राखणीला बसले. त्याच रात्री तिकडे इंग्लंडमध्ये राजे सहावे जॉर्ज झोपेत वारले. झाडावरच्या कोणालाही त्याची कल्पना नव्हती. सकाळी खाली उतरलेली तरुणी ब्रिटनची, आणि आपल्या कॅनडाचीही, राणी झालेली होती.

पनारच्या झाडावर, रुद्रप्रयागच्या मनोऱ्यावर आणि आंब्यावर हा माणूस मारण्यासाठी बसला, तोही दुसऱ्यांचे जीव वाचावेत म्हणून. या शेवटच्या मचाणावर तो फक्त राखणीला बसला. गोळी झाडायची वेळच आली नाही. ते झाड १९५४ मध्ये माऊ माऊ बंडाच्या काळात जळाले. कॉर्बेट १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरीलाच वारले आणि तिथेच त्यांचे दफन झाले. पुढे १९६८ साली व्हिएतनामकडच्या वाघाच्या उपजातीला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले.

भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, पण मचाणे राहिली. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबासारख्या ठिकाणी बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसून प्राणी मोजण्याची प्रथा आहे, आणि आता त्यातली बरीच मचाणे लोखंडाची असतात. प्रश्नही राहिले. २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात टी-१ वाघीण मारली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. पलीकडे तेरा माणसांच्या मृत्यूचे दुःखही होते. वाघ वाचावा असे शहरात म्हणणे सोपे, शेतात कापूस वेचणाऱ्या बाईला ते तितके सोपे नसते. दोन्ही बाजूंचे ओझे एकाच खांद्यावर घेऊन मचाणावर बसणारा माणूस कॉर्बेट होता, म्हणून तो आजही वाचावासा वाटतो.

इथल्या शिकारी मित्रांना आमचे एवढेच सांगणे आहे, की सांगाड्याचे बोल्ट तपासा, पट्टा बांधा, आणि खात्री नसेल तर गोळी न झाडता खाली उतरा. वाचकांसाठी सांगायचे तर, कॉर्बेट यांच्या पुस्तकांचे मराठी अनुवाद मिळतात. मुलांना इंग्रजीतून वाचायची असतील तर भाषा अगदी सोपी आहे. पुढच्या भारतभेटीत उत्तरेकडे जाणार असाल तर कालाढुंगीला जरूर थांबा. त्यांचे हिवाळी घर आज संग्रहालय आहे. आणि जंगलात रात्री मचाणावर बसायची संधी मिळालीच, तर मोबाईल बंद ठेवा बरं का!